मोठ्या मापाचं लढाऊ विमान येतंय, तोवर काय कराल?

भाग जुळवून बांधायच्या प्लास्टिकच्या विमान-प्रतिकृती, म्हणजे किट, बनवणारी एखादी कंपनी संगणकावर काढलेलं एक करडं चित्र प्रसिद्ध करते. दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान, माप १/३२ किंवा १/२४, साचा नवाकोरा, आणि खाली एकच शब्द: लवकरच. तेवढ्यावर निम्मे जण पैशांची जुळवाजुळव सुरू करतात आणि उरलेले निम्मे नाकाचा आकार चुकलाय म्हणून भांडायला बसतात. तुम्ही या छंदात नवे असाल आणि आपली पहिली मोठी पेटी हीच, असं मनाने घेतलं असेल, तर हे वाचा.

त्या ‘लवकरच’चा अर्थ चार महिने असेल किंवा दोन वर्षं. हा वेळ नुसता वाट बघण्यात गेला, तर पेटी आल्यावर काय होतं ते मला अनुभवाने माहीत आहे. उघडायची, भागांवरून बोट फिरवायचं, ‘एवढं छान किट आपल्या हातून बिघडायला नको’ असं म्हणत झाकण लावायचं आणि माळ्यावर ठेवून द्यायचं. माझ्या माळ्यावर अशा तीन पेट्या आहेत. मोठ्या किटच्या कामाची सुरुवात पेटी येण्याच्या पुष्कळ आधी करायची असते, आणि त्यातलं बरंचसं काम फुकटात होतं.

आधी जागा मोजा

१/३२ म्हणजे खऱ्या विमानाचा बत्तिसावा भाग. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या मार्क नऊ या प्रकाराच्या पंखांचा पसारा ११.२३ मीटर. तो १/७२ मध्ये १५.६ सेंटीमीटर भरतो, १/४८ मध्ये २३.४, १/३२ मध्ये ३५.१ आणि १/२४ मध्ये ४६.८. ग्रमन हेलकॅटसारखं दांडगं विमान १/२४ मध्ये घेतलं, तर पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ५४ सेंटीमीटर होतात. आकडे वाचून अंदाज येत नाही. म्हणून वर्तमानपत्रावर पंख आणि धड यांचा ढोबळ आकार काढा, कापा आणि जिथे विमान ठेवायचं ठरवलंय तिथे आठवडाभर ठेवून बघा. कपाटाचं दार लागतं का, कुणाचा हात लागतो का, तिथे धूळ किती बसते, हे सगळं तो कागद सांगतो.

दुसरा हिशोब क्षेत्रफळाचा. लांबी दुप्पट झाली की पृष्ठभाग चौपट होतो. १/७२च्या मानाने १/३२ विमानाचं अंग पाचपट, आणि १/२४चं नऊपट. रंग, पुट्टी, घासकाम, वेळ सगळं त्याच पटीत वाढतं. लहान मापात दोन फवाऱ्यांत झाकला जाणारा पंख इथे संपता संपत नाही, आणि त्या मोठ्या सपाट पृष्ठभागावर एक केस जरी रंगात अडकला तरी तो पलीकडच्या खोलीतून दिसतो.

घोषणा वाचायला शिका

नव्या किटचा प्रवास साधारण ठरलेला असतो. आधी संगणकावरचा आराखडा. त्यासाठी जुनी रेखाचित्रं, छायाचित्रं आणि जमलं तर संग्रहालयातल्या खऱ्या विमानाचं लेझर स्कॅनिंग वापरतात. मग थ्रीडी प्रिंटरवर काढलेला नमुना. त्यानंतर पोलादी साचा, आणि त्या साच्यातून निघालेले पहिले प्लास्टिकचे भाग, म्हणजे ‘टेस्ट शॉट’. त्यांत कुठे प्लास्टिक पोचलेलं नसतं, कुठे जाड भागाजवळ खळगा पडलेला असतो. त्यानुसार साच्यात दुरुस्त्या होतात. शेवटी डिकॅलचा, म्हणजे पाण्यात भिजवून विमानावर चिकटवायच्या छापील खुणांचा कागद, पेटीवरचं चित्र आणि विक्री.

कंपनीने आज काय दाखवलंय त्यावरून उरलेल्या वाटेचा अंदाज घ्या. नुसता संगणकावरचा आराखडा असेल तर तारखेवर विसंबू नका. स्प्रूवर, म्हणजे साच्यातून निघणाऱ्या प्लास्टिकच्या चौकटीवर लागलेले भाग आणि छापलेले डिकॅल दिसले, की मगच पैसे बाजूला काढा. न्यूझीलंडची विंगनट विंग्ज ही कंपनी २००९ पासून १/३२ मापाची पहिल्या महायुद्धातली विमानं काढत होती आणि तिचा दर्जा सगळ्यांना मान्य होता. तिने दुसऱ्या महायुद्धातलं लँकेस्टर बॉम्बर जाहीर केलं. या मापात त्याचे पंख जवळपास ९७ सेंटीमीटर. लोकांनी भिंती मोजून ठेवल्या. २०२० मध्ये कंपनीच बंद पडली आणि त्यांच्या नावाच्या पेटीत ते विमान कधी आलंच नाही. तिथल्याच काही मंडळींनी पुढे कोटारे नावाने काम सुरू केलं आणि त्यांचं पहिलं किट १/३२ मापाचं स्पिटफायर मार्क एक होतं. गोष्ट अगदीच वाईट संपली नाही, पण लँकेस्टरसाठी कपाट बनवून घेणाऱ्यांना त्याचा काय उपयोग?

स्प्रूची छायाचित्रं आली की आणखी एक खेळ खेळता येतो. पोलादी साचा फार खर्चाचा असतो, त्यामुळे एकाच साच्यातून विमानाचे अनेक प्रकार काढायची सोय कंपनी आधीच करून ठेवते. पंखाची टोकं वेगळी दिलीत? शेपटीचं सुकाणू वेगळं? पंखातल्या तोफांची झाकणं वेगळ्या तुकड्यात? म्हणजे पुढे दुसरा प्रकार येणार. स्पिटफायर मार्क सोळा हे मूळचं मार्क नऊच, फक्त त्यात अमेरिकेत पॅकार्डने बांधलेलं मर्लिन इंजिन. तुमच्या मनात छाटलेल्या पंखांचं मार्क सोळा असेल तर पहिल्याच पेटीवर उडी मारू नका. थोडं थांबलात तर हवं ते विमान आयतं मिळण्याची शक्यता चांगली.

आकारावरून होणाऱ्या भांडणांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. १/३२ मध्ये एक मिलिमीटर चुकला तर खऱ्या विमानात ३२ मिलिमीटर चुकतात. पंखाच्या लांबीत एवढी चूक कुणाच्या बापाला दिसत नाही. पण वैमानिकासमोरच्या काचेचा कोन, प्रॉपेलरच्या पात्यांची रुंदी, नाकाच्या टोकाचा गोलवा, कॉर्सेअरच्या पंखाचं ते खाली दबून पुन्हा वर जाणं, यांत एक मिलिमीटरही डोळ्यांना खुपतो. विमान ओळखू येतं ते याच जागांवरून, तेव्हा नजर तिथे ठेवा. खऱ्या विमानाच्या फोटोशी ताडून बघताना तो फोटो लांबून, बरोबर बाजूने घेतलेला असू द्या. जवळून काढलेल्या फोटोत नाक उगाचच फुगतं.

नेमकं कोणतं विमान, कोणत्या महिन्यातलं?

नवशिक्याला हा प्रश्न पोरकट वाटतो. ‘स्पिटफायर बांधतोय’ एवढं पुरे नाही का? लहान मापात चालून जातं. मोठ्या मापात प्रत्येक झाकण, प्रत्येक अँटेना, प्रत्येक चाक दिसतं, आणि स्पिटफायरच वीस हजारांहून जास्त बनली, त्यांत सतत बदल होत गेले.

म्हणून एक ठरावीक विमान निवडा: अनुक्रमांकासकट, आणि जमलं तर महिन्यासकट. उदाहरण घ्या ब्रिटिश वैमानिक जॉनी जॉन्सन यांचं. १९४३ मध्ये ते ईएन३९८ हे मार्क नऊ उडवत होते आणि १९४४च्या उन्हाळ्यात एमके३९२. दोन्हींवर त्यांची जेई-जे हीच अक्षरं, दोन्हींचा प्रकार तोच. पण जून १९४४ मधल्या विमानावर नॉर्मंडीच्या चढाईसाठी काढलेले काळे-पांढरे पट्टे होते, आधीच्यावर नाहीत. एक इंजिनाच्या विमानांवर हे पट्टे प्रत्येकी १८ इंच रुंद: तीन पांढरे, दोन काळे. म्हणजे १/३२ मध्ये १४.३ मिलिमीटर, १/२४ मध्ये १९. ते चढाईच्या दोन-तीन दिवस आधी घाईघाईत, बऱ्याच ठिकाणी ब्रशने ओढलेले, त्यामुळे कडा वाकड्यातिकड्या. साधारण महिन्याभरातच ते वरच्या बाजूने पुसून टाकायचा हुकूम निघाला. महिना ठरला की पट्टे हवेत की नकोत, कुठे हवेत आणि किती सरळ हवेत, एवढं सगळं आपोआप ठरतं.

जेई-जे प्रत्येकाच्या फळीवर असतं, हेही सांगून टाकतो. मला विचाराल तर एखाद्या अनामिक सार्जंट वैमानिकाचं, एकच अंधूक फोटो उपलब्ध असलेलं विमान घ्यावं. अट एवढीच की फोटो हवा. किटमध्ये दिलेला रंगीत आराखडा म्हणजे कुणीतरी त्या फोटोचा लावलेला अर्थ असतो, आणि फोटोत न दिसणारी बाजू चित्रकाराने अंदाजाने भरलेली असते.

रंगांचंही तारखेवरच अवलंबून. १९४० च्या ब्रिटनच्या लढाईत आरएएफची, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाची लढाऊ विमानं वरून मातकट तपकिरी आणि गडद हिरवी, पोट ‘स्काय’ म्हणजे फिक्या हिरवट छटेचं. ऑगस्ट १९४१ पासून तपकिरीच्या जागी करडा आला आणि पोटही करडं झालं. १९४३च्या विमानाला तपकिरी फासलंत तर जाणकार काही बोलणार नाही, नुसता हसेल.

फोटो गोळा करा, पण उडणाऱ्या विमानावर डोळे झाकून विश्वास नको

एक फोल्डर करा. त्यात कॉकपिट, चाकांच्या खोबणी, इंजिन, शेपटी असे कप्पे. संग्रहालयांतल्या विमानांचे चहूबाजूंनी काढलेले फोटो मुबलक मिळतात आणि मोठ्या मापासाठी ते सोन्यासारखे आहेत. मात्र आज उडणारी जुनी विमानं कितीही देखणी असली, तरी त्यांना आजच्या नियमांनुसार उडायचं असतं: कॉकपिटमध्ये नवा रेडिओ येतो, सीटचे पट्टे बदलतात, अंग चकचकीत पॉलिश होतं. स्पिटफायरच्या दारावर एक छोटी पहार अडकवलेली असते, संकटात काच फोडायला. आजच्या विमानांत ती लालभडक दिसते, म्हणून सगळे लाल रंगवतात. युद्धकाळात ती सहसा लाल नसे. मीही दोन विमानांत लाल रंगवली आहे आणि आता ती खरवडायला हात जात नाही.

युद्धकाळातले फोटो कृष्णधवल असतात, आणि फिल्मच्या प्रकारानुसार पिवळा रंग काळपट किंवा निळा पांढुरका दिसू शकतो. तेव्हा त्यांत रंग शोधू नका. मळ कुठे साचलाय, धूर कुठवर ओढला गेलाय, पंखाच्या मुळाशी बुटांनी रंग कुठे गेलाय, ते शोधा.

बाजारात तुरी

...आणि भट भटणीला मारी. ही म्हण बहुधा आपल्याच लोकांना बघून सुचली असावी. किट जाहीर झालं की त्यासाठीची जादा सामग्री जाहीर व्हायला लागते: रेझिनची चाकं, धातूच्या पत्र्यातून कोरलेले भाग, थ्रीडी छपाईचे उपकरणफलक, पितळी बंदुकीच्या नळ्या. त्यातलं काहीही किट हातात येईपर्यंत घेऊ नका. नव्या साच्यांमध्ये पेटीतलेच भाग इतके चांगले असतात की निम्मी सामग्री वाया जाते. शिवाय जुन्या किटसाठी बनवलेला भाग नव्या किटमध्ये बसेलच असं नाही.

तीन गोष्टी मात्र मी हमखास घेतो. एक, वैमानिकाला सीटशी बांधणारे पट्टे. मोठ्या मापात प्लास्टिकचे पट्टे सीटवर ताठ पडून राहतात. कापडी किंवा पातळ पत्र्याचे पट्टे सीटच्या कडेवरून लोंबतात. दोन, उपकरणफलक. विमानातल्या साधारण ८ सेंटीमीटरच्या तबकडीचा व्यास १/३२ मध्ये अडीच मिलिमीटर होतो, आणि त्यावर काटा रंगवणारा हात माझा नाही. तीन, खुणांचे स्टेन्सिल मास्क. मोठ्या मापात वर्तुळं आणि अक्षरं डिकॅलने लावण्यापेक्षा मास्क लावून रंगवली तर विमानाच्या अंगात मुरलेली दिसतात. हे तिन्ही घ्या, पण किट आल्यानंतर.

धाकटं भावंड आधी बांधा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि तीच सगळे टाळतात. त्याच विमानाचं १/७२ किंवा १/४८ मापातलं साधं किट आणा आणि पूर्ण करा. विमान तेच असल्यामुळे कोणता भाग कुठे बसतो, रंगांची हद्द कुठे, चाकं कोणत्या बाजूला मिटतात, हे हातात बसतं. चुका स्वस्तात होतात. त्या छोट्या विमानावर चार गोष्टी शिकून घ्यायच्या.

पहिली, सांधा. पातळ द्रव गोंद हा पॉलिस्टायरीन प्लास्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतो. धडाचे दोन अर्धे जुळवा, सांध्यावर ब्रश टेकवा, गोंद आपोआप आत ओढला जाईल. मग हलकेच दाबा, विरघळलेल्या प्लास्टिकची बारीक कड वर येऊ द्या आणि दोन दिवस हात लावू नका. त्यानंतर ४००, ६००, १००० अशा चढत्या क्रमाच्या पॉलिश पेपरने घासा आणि वर करडा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर मारून बघा. प्रायमर चहाडखोर असतो, राहिलेली फट लगेच दाखवतो. पण प्रत्येक सांधा पुसायचा नसतो. स्पिटफायरच्या इंजिनावरचं वरचं झाकण एकसंध होतं, तिथे मधली रेघ दिसली तर चूक. उलट मेसरश्मिट १०९च्या धडाचा मागचा भाग खरोखरच दोन अर्ध्यांत बनवून वर-खाली जोडलेला असे. तिथली रेघ घासून गुळगुळीत केलीत तर ती चूक. आता कळलं असेल, फोटोंचं फोल्डर आधी का करायला सांगितलं.

दुसरी गोष्ट काच. कॅनोपीजवळ, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाजवळ झटपट गोंद आणू नका. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरं धुकं धरतं. पांढरा लाकडाचा गोंद किंवा काचेच्या भागांसाठी मिळणारा खास गोंद वापरा. चौकटी रंगवताना आधी कॉकपिटच्या आतला रंग मारा आणि त्यावर बाहेरचा. आतून बघितलं की चौकट आतल्या रंगाची दिसते.

तिसरी गोष्ट एअरब्रश. ०.३ मिलिमीटरची सुई, दुधाइतका पातळ केलेला रंग, १५ ते २० पीएसआय दाब, आणि एका जाड थराऐवजी तीन-चार विरळ थर. इथून सुरुवात करा; पुढे रंगाच्या जातीनुसार हात बसेल तसं बदलत जा. टाकाऊ प्लास्टिकच्या चमच्यांवर रोज पंधरा मिनिटं रेघा मारल्यात तरी महिन्याभरात फरक पडतो. छलावरणाच्या दोन रंगांमधली कड किती मऊ ठेवायची हेही इथेच ठरवा. १/३२ मध्ये दोन मिलिमीटरची धूसर कड म्हणजे खऱ्या विमानावर साडेसहा सेंटीमीटर. कारखान्यातून निघालेल्या ब्रिटिश विमानांवर ती बऱ्यापैकी रेखीव असे. चिकट पुट्टीच्या बारीक वळकट्या करून कडेला लावल्या आणि त्यावरून फवारलं, की नेमकी हवी तेवढी मऊ कड मिळते.

चौथी गोष्ट डिकॅल. खडबडीत रंगावर डिकॅल लावला की खाली हवा अडकते आणि वरून चांदीसारखी झाक येते. म्हणून आधी चकचकीत वार्निश, मग कोमट पाणी, मग डिकॅल मऊ करणारं द्रावण, आणि वाळल्यावर शेवटचा मॅट थर. द्रावण लावल्यावर डिकॅल सुरकुततो आणि छातीत धस्स होतं. घाबरू नका. बोट लावू नका. सुकताना तो स्वतःच ताणला जातो.

पत्र्यांच्या सांध्यांच्या कोरलेल्या रेघांमध्ये गडद वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग भरण्याचा मोहही इथेच भागवून घ्या. किटवरची ०.३ मिलिमीटरची रेघ म्हणजे खऱ्या विमानावर जवळजवळ एक सेंटीमीटरची फट. तेवढी फट असलेलं विमान कुणी हवेत नेलं नसतं. काळ्याऐवजी रंगाच्याच गडद छटेचा वॉश घ्या आणि बहुतेक पुसून काढा. मस्टँग या अमेरिकन विमानात तर पंखाच्या पुढच्या भागातले सांधे आणि रिव्हेट कारखान्यातच पुट्टीने बुजवून, घासून, वरून चंदेरी रंग मारलेला असे, हवा सरळ वाहावी म्हणून. किटवर तिथे सुंदर रिव्हेट कोरलेले असले तरी भरून टाकायचे. जिवावर येतं, पण खरं तेच.

टेबल आणि हवा

यावर फार लिहीत नाही. कापण्यासाठी चटई, बारीक स्प्रू कटर, धारदार पातं, दोन चिमटे, चांगला पांढरा दिवा. रंग बाजूला ठेवायचे तर दुपटीने, आणि मुख्य रंग एकाच वेळी घेतलेले. लॅकर रंग वापरणार असाल तर वाफ अडवणारा मुखवटा आणि हवा बाहेर टाकणारा पंखा हवाच, नुसती उघडी खिडकी पुरत नाही. रेझिन घासताना ते पाण्यात भिजवून घासा. त्याची कोरडी पूड फुप्फुसात जाता कामा नये.

पेटी येते

त्याच दिवशी उघडा. मुहूर्त शोधू नका. सूचनापत्रिकेच्या पहिल्या पानांवर स्प्रूंची यादी असते, तिच्याशी प्रत्येक स्प्रूवरचं अक्षर ताडून बघा. पारदर्शक भाग दिव्यासमोर धरा. डिकॅलमध्ये पांढरा आणि रंगीत थर एकमेकांवर नीट बसलेत का, विशेषतः वर्तुळांच्या मध्याशी, ते भिंगातून बघा. सगळ्याचे फोटो काढून ठेवा. मी एकदा पेटी आठ महिने तशीच ठेवली. उघडली तेव्हा कॅनोपीला मधोमध तडा. विकणाऱ्याने विचारलं, ‘इतके दिवस काय करत होतात?’ त्याचंही चुकलं नव्हतं.

भाग ठीक असतील तर स्प्रू न कापता कोमट पाण्यात थोडा साबण घालून धुवा आणि वाळवा. साच्यातून सुटण्यासाठी वापरलेल्या तेलाचा अंश राहिला तर वर रंग धरत नाही. पारदर्शक भाग मात्र वेगळे ठेवा, डिकॅलचा कागद एखाद्या जाड पुस्तकात सपाट.

पहिला आठवडा: पेन्सिल आधी, गोंद नंतर

सूचनापत्रिका सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचा आणि हातात पेन्सिल ठेवा. तुम्ही निवडलेल्या विमानाला न लागणारे सगळे भाग खोडून टाका. मोठ्या किटमध्ये दोन-तीन प्रकारची चाकं, एक्झॉस्ट, झाकणं असतात, आणि रात्री अकरा वाजता चुकीचं चाक हमखास हातात येतं.

इंजिन उघडं दाखवायचं की झाकलेलं, हे आत्ताच ठरवा. अनेक मोठ्या किटमध्ये पूर्ण इंजिन बसवल्यावर झाकणं नीट मिटत नाहीत. जाड रंग आणि एखादा वाकडा पाइप पुरेसा असतो. टामियाने २००९च्या १/३२ स्पिटफायरमध्ये झाकणांना छोटे चुंबक दिले, त्यामुळे दोन्ही करता येतं, पण अशी सोय सगळीकडे नसते. पहिलंच मोठं किट असेल तर माझा सल्ला: झाकून टाका. विमानाची रेषा अखंड राहते आणि तुमचे दोन महिने वाचतात.

फ्लॅपचंही, म्हणजे उतरताना पंखाच्या मागच्या कडेला खाली येणाऱ्या झडपांचंही तसंच. किटमध्ये ते उघडे बसवायची सोय असते आणि आतली नक्षी मोहात पाडते. पण स्पिटफायरचा वैमानिक उतरल्यावर फ्लॅप वर घेई. उभ्या स्पिटफायरचे फ्लॅप खाली असणं हा अपवाद. मस्टँगमध्ये उलट: इंजिन बंद झाल्यावर हायड्रॉलिक दाब हळूहळू उतरे, त्यामुळे उभ्या विमानाचे फ्लॅप आणि चाकांची आतली दारं खाली लोंबलेली दिसतात. दोन्ही विमानं शेजारी ठेवलीत तर हा फरक छान दिसतो.

मग कोरडी जुळणी. धडाचे अर्धे, पंखाचे वरचे-खालचे भाग आणि शेपटी नुसत्या मास्किंग टेपने जोडून बघा. पंख धडाला जिथे मिळतो तिथे फट पडते का? पडत असेल तर कुठल्या बाजूने, आणि आतला कोणता आडवा भाग अडतोय? हे गोंद लावण्याआधी कळलं तर पातळ पट्टी घालून किंवा आतून जरासं घासून निभावतं. नंतर कळलं तर पुट्टीचे डोंगर. कॉकपिटच्या आतल्या भिंती रंगवून, जाड थर चढवून बसवल्या की धड मिटत नाही, हा मोठ्या किटमधला नेहमीचा घोळ आहे. तेव्हा जुळणाऱ्या कडांवरचा रंग खरवडून ठेवा.

टेपने जोडलेलं ते करडं विमान त्या वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवून घरच्यांना दाखवून घ्या, कारण पुढचे काही महिने टेबलावर फक्त तुकडे दिसणार आहेत. मग टेप सोडवा आणि सीटपासून सुरुवात करा. स्पिटफायर असेल तर ती लालसर तपकिरी, पाठीला काळी गादी, आजूबाजूच्या भिंती करड्या-हिरव्या. पट्टे बसवा, सीट वाळत ठेवा, आणि तोवर उपकरणफलकाचा पहिला थर मारून घ्या.